गूळ पाघळवणारी भिंत

अंबादास वाघचौरे कुजबुजले तरी दोन घरं पलीकडे ऐकू जातं. ही तक्रार नाही. त्या दोन घरांतलं एक माझं आहे आणि इतक्या वर्षांत त्यांच्या घरातली एकही बातमी मला चौकशी करून मिळवावी लागलेली नाही, एवढंच.

मी स्मिता. दुबईजवळच्या रास अल खैमाच्या डोंगराकडच्या बाजूला, जुन्या बैठ्या व्हिलांच्या एका गल्लीत राहते. शाळेत गणित शिकवत होते, आता घरी शिकवण्या घेते. अंबादासभाऊ मूळचे सिन्नरचे. तरुणपणी इथल्या एका टाइल कारखान्यात आले आणि निवृत्त होईपर्यंत भट्टी खात्यातच राहिले. टाइलची भट्टी म्हणजे लांबच लांब बोगदा. ती एकदा पेटली की वर्षानुवर्षं विझवत नाहीत. ईद असो नाहीतर दिवाळी, शिफ्ट बदलते पण आग तीच राहते. तिथल्या ब्लोअरच्या आवाजात भाऊंचे कान थोडे गेले आणि त्याची भरपाई त्यांनी गळ्याने करून घेतली.

दिवसभर आगीची चाकरी केलेला माणूस घरी तिचं तोंड बघायला तयार नसतो. भाऊंनी तर उकाड्याशी उभं वैर धरलं होतं. व्हिलाचा मालक यहया आमच्याच गल्लीच्या टोकाला राहतो. कुठेही नवीन काही बांधायचं तर त्याची परवानगी हवी. भाऊ दर वर्षी काहीतरी नवीन घेऊन त्याच्याकडे जात आणि तो दर वर्षी कॉफी पाजून हो म्हणे. गच्चीला पांढरा रंग लागला. छताखाली थर्मोकोल बसलं. दक्षिणेच्या सगळ्या खिडक्यांना चकचकीत फॉइल चिकटली, ती इतकी घट्ट की घरात दुपारी दिवा लावून वर्तमानपत्र वाचावं लागे. उन्हाळ्यात गच्चीवरच्या टाकीचं पाणी उकळत असतं तेव्हा गीझर बंद ठेवायचा आणि त्यात साठलेलं पाणी गार म्हणून वापरायचं, ही युक्ती इथे सगळेच करतात. भाऊ मात्र ती स्वतःच शोधल्यासारखी पाहुण्यांना समजावून सांगत.

या सगळ्यावर कळस म्हणजे त्यांनी स्वयंपाकघरच घराबाहेर काढलं.

त्यांची बायको कमलिनी कोल्हापूरची. लाडू, चिवडा, भाजणी, गूळपोळ्या असा तिचा घरगुती धंदा आहे, रीतसर लायसन्सचा. दुबई-शारजातल्या मराठी घरांतून ऑर्डरी येतात. भाऊ निवृत्त झाल्यापासून तिच्याच धंद्याच्या व्हिसावर इथे राहतात आणि ती त्यांना अधूनमधून याची आठवण करून देते. धंदा वाढला तशा शेगड्या वाढल्या, आणि शेगड्या वाढल्या तसं भाऊंचं डोकं तापलं. त्यांनी घराच्या मागे, कोठीच्या खोलीला लागून, नवं स्वयंपाकघर उभं केलं. शेगड्यांची धग घरात शिरू नये म्हणून मधे भिंत घातली, ती कारखान्याच्या भट्टीतून दुरुस्तीच्या वेळी काढून टाकलेल्या विटांची. विटा फुकट मिळाल्या होत्या, आणि फुकट मिळालेल्या वस्तूबद्दल भाऊंचं मत फार लवकर चांगलं होतं.

"या भिंतीतून ऊब काय, उबेचा वाससुद्धा आत येणार नाही," असं त्यांनी वास्तुशांतीच्या दिवशी जाहीर केलं. जाहीर करायला त्यांना माइक लागत नाही.

त्याच वर्षी कोठीत गूळ पाघळला.

कमलिनी संक्रांतीसाठी कोल्हापूरचा गूळ मागवते. ढेपा कोठीत, मागच्या भिंतीला लावून रचलेल्या असतात. डिसेंबरात शेगड्या सकाळपासून संध्याकाळपर्यंत पेटायला लागल्या आणि भिंतीकडच्या ढेपा खाली बसल्या. पोत्यातून रस गळला, मुंग्यांची रांग लागली.

"अहो, तुमच्या भिंतीतून धग येतीय," ती म्हणाली.

"भिंतीतून काही येत नाही. तुझा गूळच ओला आहे."

कोल्हापूरच्या बाईला तिचा गूळ ओला आहे असं म्हणणारा नवरा मी तरी दुसरा पाहिला नाही. तेव्हापासून दर संक्रांतीला हे भांडण वाणासारखं न चुकता यायचं. ती म्हणायची भिंत, तो म्हणायचा गूळ. मी कितीदा म्हटलं, ढेपा दुसऱ्या भिंतीला लावा आणि मिटवा एकदाचं. कमलिनी म्हणाली, "मी का हलवू? चुकली तर त्यांची भिंत चुकलीय." आणि भाऊ म्हणाले, "तिने हलवल्या तर लोक म्हणतील माझी भिंत चुकली." अशा दोन माणसांचा संसार इतकी वर्षं सुखाचा झाला, याचं मला अजून नवल वाटतं.

मग अपूर्वाची बातमी आली.

अपूर्वा ही त्यांची एकुलती एक. इथेच जन्मली, इथेच शिकली. आई-बाबा मराठीत विचारतात, ती इंग्रजीत उत्तर देते, आणि तिघांनाही त्यात काही खटकत नाही. नवऱ्याबरोबर, दर्शनबरोबर, दुबई मरीनाला एका उंच टॉवरमधल्या छोट्या फ्लॅटमध्ये राहते. जानेवारीत बाळंत होणार होती. बाळंतपण दुबईच्या हॉस्पिटलात आणि मग सव्वा महिना रास अल खैमाला, माहेरी, असं कमलिनीने ठरवून टाकलं. तिने माझ्या जुन्या सुती साड्यासुद्धा दुपट्यांसाठी मागून नेल्या. पहिलं बाळंतपण माहेरी, हे तिच्या मनात इतकं पक्कं होतं की लेकीला विचारायचं राहूनच गेलं.

डिसेंबरच्या सुरुवातीला अपूर्वा एका शनिवारी आली, ती हातात खोलीचं तापमान दाखवणारं यंत्र घेऊनच. दुबईचा हिवाळा म्हणजे पातळ जॅकेट घालून फोटो काढायचा हिवाळा. आमच्याकडे, डोंगराच्या पायथ्याशी, रात्री चांगलं बोचरं वारं सुटतं. आणि वाघचौऱ्यांचं घर तर मुद्दाम गारच राहील असं सजवलेलं. खाली संगमरवर, वर थर्मोकोल, खिडकीतून उन्हाचा कवडसा येईल तर शपथ. अपूर्वा पोट सावरत खोलीखोलीतून फिरली आणि सोफ्यावर येऊन बसली, दोन्ही पाय वर घेऊन.

"बाबा, धिस हाऊस इज अ फ्रिज."

"थोडं गार आहे. तब्येतीला चांगलं असतं," भाऊ म्हणाले.

"बाबा, डॉक्टर म्हणाली बेबी इज स्मॉल." इथे ती मराठीत आली. तेव्हाच मला कळलं की पोरगी घाबरली आहे. "वजन कमी आहे. खोली सारखी उबदार पाहिजे. दिवसा गरम, रात्री गार, असं नाही चालणार. इथे नाही होणार हे. आम्ही मरीनालाच राहतो, नर्स ठेवतो."

कमलिनी स्वतः मरीनाला जाऊन राहू शकत नव्हती. तिथे झोपायची एकच खोली, बाहेरच्या खोलीत दर्शनचं ऑफिस. शिवाय संक्रांतीच्या ऑर्डरी घेऊन झालेल्या, आणि तिच्या हाताखालच्या शहनाझचं घर याच हंगामावर चालतं. लेक गेल्यावर ती नवऱ्याकडे वळून एवढंच म्हणाली, "आयुष्यभर थंडी साठवलीत. आता लेक घरात यायची बंद झाली."

भाऊंचा आवाज त्या दिवशी माझ्या घरापर्यंत आला नाही. मला काळजी वाटली.

दुसऱ्या दिवशी मात्र भाऊ कामाला लागले. ज्या माणसाने उष्णतेला इतकी वर्षं दारातूनच हाकललं, तो आता तिला बोलावणं करायला निघाला.

आधी हीटर. तेलाचे, चाकांवरचे तीन हीटर त्यांनी आणले आणि एकदम लावले. घरातले एसी जुने, फक्त गार करणारे. वायरिंग त्याहून जुनं. कमलिनीने मिक्सर सुरू केला आणि सगळं घर अंधारात गेलं. मग एका वेळी दोनच लावायचे असं ठरलं. हॉल इतका मोठा आणि उंच की ऊब वर जाऊन छताशी गप्पा मारत बसायची आणि खाली आमचे पाय गारच. पुढे महिन्याचं बिल आलं ते मी माझ्या स्वयंपाकघरात उभी राहून ऐकलं. "आठशे दिरहम जादा! म्हणजे एकोणीस हजार रुपये! आणि पाय गार ते गारच!"

मग कमलिनीला शेगडीची आठवण झाली. तिच्या माहेरी बाळंतिणीच्या खाटेखाली निखाऱ्याची शेगडी ठेवत, तिच्यावर ओवा नि बाळंतशेपा टाकत. भाऊंनी लगेच बाजारातून कोळसा आणला. नशीब म्हणून त्याच वेळी यहया भाडं न्यायला आला. तो उत्तम हिंदी बोलतो. त्याने कोळशाचं पोतं बघितलं, बंद खिडक्या बघितल्या आणि पोतं स्वतः उचलून अंगणात नेऊन ठेवलं.

"अंदर नहीं, अंबादास. हम पहाड़ के लोग हैं, हमको मालूम. बंद कमरे में कोयला आदमी को सुला देता है, फिर उठाता नहीं. कोयला बाहर, बच्चा अंदर. खलास."

भाऊंनी मान डोलावली. भट्टीवाल्या माणसाला हे दुसऱ्याने सांगावं लागलं, याची त्यांना लाज वाटली असावी. त्या कोळशावर यहयाने अंगणात कॉफी केली आणि आम्ही सगळे शाली पांघरून तिच्याभोवती बसलो. तोवर वाघचौऱ्यांकडे मला ऊब लागली ती तेवढीच.

त्यानंतर फॉइल. भाऊ शिडीवर चढून दक्षिणेच्या खिडक्या खरवडायला बसले. एकेक पट्टी निघताना त्यांचा चेहरा दात उपटून घेणाऱ्यासारखा व्हायचा. पण ऊन आत आलं. मी त्या घरात पहिल्यांदा संगमरवराचा खरा रंग पाहिला. जाड पडदे आले. दिवसा उघडायचे, ऊन कललं की ओढायचे. जमिनीवर गालिचे आले. दिवसभर घर खरोखर बरं वाटायला लागलं, आणि संध्याकाळी पुन्हा होतं तसं. गच्ची काळी रंगवायचा विचारही झाला. कमलिनी म्हणाली, "रंगवा. आणि जूनमध्ये तुम्हीच तिच्याखाली झोपा." तो विचार तिथेच संपला.

ख्रिसमसच्या सुट्टीत अपूर्वा आणि दर्शन पुन्हा आले. भाऊंनी हीटर लावून ठेवलेले, पडदे ओढलेले, स्वतःच्या अंगातला स्वेटर मुद्दाम काढून ठेवलेला. मागे शेगड्या जोरात होत्या, तिळाचा खमंग वास गल्लीभर पसरला होता. अपूर्वाने यंत्र हॉलमध्ये ठेवलं, मग तिच्या जुन्या खोलीत. आकडा चढला होता, पण थोडाच. ती बापाच्या तोंडाकडे बघत राहिली. एवढी धडपड केलेल्या माणसाला नाही म्हणणं तिला जड जात होतं.

"बाबा, यू ट्राइड सो मच. पण नाही. सॉरी." असं म्हणून ती उठली आणि आत गेली. डोळे पुसायला गेली असणार, म्हणून आम्ही कोणी मागे गेलो नाही.

बराच वेळ झाला तरी ती परत येईना. दर्शन बघून आला. खोलीत नाही, बाथरूममध्ये नाही. कमलिनीने स्वयंपाकघरात पाहिलं. शहनाझ म्हणाली, "बाजी, इधर तो नहीं आई." आता सगळ्यांचेच चेहरे उतरले. भाऊंनी "अपूर्वा!" अशी हाक मारली, ती डोंगरापर्यंत गेली असेल. उत्तर नाही.

कोठीचं दार मी उघडलं. म्हणून पहिल्यांदा तिला पाहिलं ते मीच.

तिळाच्या पोत्यांवर, मागच्या भिंतीला पाठ टेकून, ती गाढ झोपली होती. चपला खाली, शाल बाजूला फेकलेली, हातात गुळाचा अर्धा खडा. लहानपणीही रुसली की ती गूळ चोरायला इथेच यायची. कपाळावर चक्क घामाचे दोन थेंब होते. खोलीत पाऊल टाकल्याबरोबर माझ्या अंगातली थंडी गेली. शेजारच्या ढेपा नेहमीप्रमाणे खाली बसल्या होत्या आणि मुंग्या आपल्या कामात होत्या.

कमलिनी माझ्या मागून आली, तिच्या मागून भाऊ. तिने लेकीकडे पाहिलं, मग गुळाकडे, मग भिंतीकडे, आणि मग सावकाश नवऱ्याकडे. बोलली काहीच नाही. इतक्या वर्षांचं भांडण जिंकल्यावर गप्प राहणं मला तरी जमलं नसतं.

अपूर्वाने डोळे उघडले. "आई, का उठवलंस? इट्स द ओन्ली वॉर्म रूम इन द हाऊस."

"दुपारचं ऊन लागत असेल," भाऊ म्हणाले.

कोठीला खिडकीच नाही. आम्ही सगळ्यांनी त्यांच्याकडे बघितलं. त्यांनी पुढे होऊन भिंतीवर तळवा टेकला आणि तसाच ठेवला. मग घसा खाकरून ते दर्शनला सांगायला लागले, "त्याचं काय असतं, भट्टीच्या विटा दोन प्रकारच्या. हलकी वीट ऊब अडवते. जड वीट ऊब पिते आणि मग तासन्‌तास हळूहळू सोडत बसते. या जड आहेत." सगळं असं सांगितलं जणू भिंत दुसऱ्याच कोणाच्या घरची होती. ओल्या गुळाबद्दल अवाक्षर नाही. कमलिनीनेही विचारलं नाही. लेकीचं डोकं तिच्या खांद्यावर होतं.

पुढचे दिवस घरात लग्नघर असल्यासारखी धांदल उडाली. कोठी रिकामी झाली. भाऊंनी घराकडच्या भिंतीत, उंचावर, हवेसाठी झरोका पाडला. भिंतीला स्वयंपाकघराकडून कुठे फट नाही ना, धूर येत नाही ना, हे यहयाने स्वतः तपासलं. विषारी वायू झाला तर किंचाळणारा एक अलार्म दर्शनने आणून बसवला. भिंतीला पांढरा रंग आला, आणि तीनपैकी एक छोटासा हीटर कोपऱ्यात ठेवला, तोही अगदी पहाटेच्या गारठ्यापुरता. त्या लहान, बसक्या खोलीला तेवढा पुरून उरत होता. ढेपा माझ्या घरी आल्या. एकही पाघळली नाही. हे मी कोणाला सांगितलं नाही, भाऊंना तर नाहीच.

बाळ जानेवारीच्या पहिल्या आठवड्यात झालं. मुलगी. वजन कमीच. हॉस्पिटलने काही दिवस ठेवून घेतलं आणि मग अपूर्वा तिला घेऊन सरळ माहेरी आली. ज्या खोलीत दर वर्षी भांडण व्हायचं, तिथे खाट पडली, पाळणा आला. भिंतीच्या एका बाजूला शहनाझ तीळ भाजायची आणि दुसऱ्या बाजूला दुपटी भिंतीला लावून गरम केली जायची. त्या दुपट्यांना तिळाचा वास येई. पोर एवढीशी, तळहातात मावेल अशी, पण गुंडाळलं की भिंतीकडे तोंड करून शांत झोपायची.

आणि मग संक्रांत झाली. ऑर्डरी संपल्या. शेगड्या बंद झाल्या आणि दुसऱ्याच दिवशी भिंत गार व्हायला लागली.

हे कोणाच्या डोक्यातच आलं नव्हतं. थंडी तर ऐन भरात. कमलिनी म्हणाली, "नुसतीच शेगडी पेटवून ठेवते. गॅस जळू दे." भाऊंना हे सहन होणारं नव्हतं. काही न भाजता जळणारी आग त्यांनी जन्मात पाहिली नव्हती.

"भट्टी रिकामी चालवायची नसते," ते म्हणाले, "आणि विझवायची तर नसतेच नसते. माल शोधा."

माल शहनाझने शोधला. "हमारे यहाँ जच्चा को पंजीरी देते हैं, बाजी. आपके यहाँ गोंद के लड्डू. बनाओ ना, बच्चे तो हर घर में होते हैं." अपूर्वाने खाटेवर पडल्यापडल्या फोनवर जाहिरात टाकली. बाळंतिणीसाठी डिंकाचे लाडू, अळिवाचे लाडू, पंजिरी, सगळं घरपोच. शारजाहून, अजमानहून, मरीनाच्या तिच्याच टॉवरमधून मागणी आली. इतकी आली की भाजणारे हात कमी पडले.

मग जो माणूस त्या स्वयंपाकघरात चहाचा कप ठेवायलासुद्धा जात नसे, तो कारखान्याची जुनी टोपी घालून शेगडीसमोर उभा राहिला. भाऊंनी शिफ्टी लावल्या. भिंतीवर तळवा ठेवून अंदाज घ्यायचे आणि ओरडायचे, "यल्ला, दुसरी कढई चढवा! भिंत उतरतेय!" पहिला घाणा त्यांनी असा भाजला की शहनाझने कढईत डोकावून कपाळाला हात लावला. "भाईसाब, ये लड्डू है, टाइल नहीं." त्यांनी निमूटपणे मंद आचेवर भाजायला शिकून घेतलं. डिंक फुलताना बघायला त्यांना फार आवडायचं. पांढरा शुभ्र फुलला की ते हाक मारून मला दाखवायचे. घामाने निथळत, उन्हाळ्यात ज्याला पंख्याचा वारासुद्धा गरम लागायचा असा तो माणूस, सगळी थंडी आगीसमोर उभा राहिला. मला त्यांचा तेव्हा फार अभिमान वाटला. हे लिहितेय म्हणून ते वाचतील, पण वाटला तो वाटला.

भिंत पुन्हा एकदाही गार झाली नाही. विजेचं बिल आलं ते डिसेंबरच्या तुलनेत इतकं किरकोळ की भाऊंनी ओरडण्याऐवजी ते नुसतं माझ्या दारात आणून दाखवलं. आणि तपासणीला नेलेल्या पोरीचं वजन बघून डॉक्टर हसली, म्हणून अपूर्वाने गाडीतूनच फोन केला. "आई, शी इज चबी! डॉक्टर सेड चबी!" कमलिनीने फोन कानाला लावूनच डोळ्यांना पदर लावला.

बारसं फेब्रुवारीच्या अखेरीला केलं, मरीनाला परत जाण्याआधी. दिवस तापायला लागले होते, पण पाळणा त्याच खोलीत बांधायचा असा अपूर्वाचा हट्ट. त्या एवढ्याशा कोठीत आम्ही दाटीवाटीने उभ्या. यहयाची बायको आली होती, शहनाझ नवा दुपट्टा घेऊन आली होती. दर्शनच्या बहिणीने पोरीच्या कानात नाव सांगितलं, अस्मी. घुगऱ्या वाटल्या. सगळे बाहेर निघणार तेवढ्यात भाऊ पुढे आले.

"मला पण तिच्या कानात काही सांगायचंय."

"आजोबा कानात सांगत नसतात," मी म्हटलं.

"असं कुठे लिहिलंय?" म्हणून ते वाकले. एका हाताने पाळण्याची दोरी धरली, दुसरा हात भिंतीवर टेकला आणि त्यांच्या समजुतीप्रमाणे अगदी हळूच, फक्त तिलाच ऐकू जाईल अशा बेताने, ते बोलले. ते कोठीत, हॉलमध्ये, अंगणात आणि माझ्या घरी गॅसपाशी उभ्या असलेल्या माझ्या नवऱ्याला, सगळ्यांना स्पष्ट ऐकू आलं.

"तुझ्या आजीचा गूळ कधीच ओला नव्हता. भिंत माझी चुकली होती. मला पहिल्याच वर्षी कळलं होतं. सांगायचा धीर झाला नाही."

पाळण्यातली पोर त्यांच्याकडे टक लावून बघत होती. कमलिनीच्या हातात घुगऱ्यांचं ताट होतं, ते तिने माझ्या हातात दिलं. मला वाटलं, आता इतक्या संक्रांतींचा हिशेब निघतो.

ती त्यांच्या शेजारी जाऊन उभी राहिली आणि त्यांच्या हाताशेजारी आपला तळवा भिंतीवर टेकला.

"असू दे," ती म्हणाली. "फुटली तर परत अशीच बांधा."